‘पाणी इथवर आलं हुतं’: आमच्याच बँडला एका साउंडवाल्याचं खुलं पत्र

पोरांनो,

गेल्या सोमवारी सकाळी दुकानाचं शटर वर केलं आणि समोरच्या पानटपरीतल्या रेडिओवर तुमचं गाणं लागलं. दोन मात्रांत ओळखलं. ढोलकीच्या डाव्या तोंडाला माइक जरा तिरका लावला की जो बसका आवाज येतो, तो मीच शोधून काढलाय, त्यामुळं माझा कान फसत नाही. टपरीवाल्याला ओरडून म्हटलं, वाढीव की, आमची पोरं हायत. त्यानं वाढवला. आणि ‘पाणी इथवर आलं हुतं’ यायच्या जागी आलं, ‘सुख इथवर आलंय गं’. पाठोपाठ एका गोड गळ्याच्या गृहस्थानं दोन आणि तीन बीएचकेचे दर सांगितले. प्रत्येक खोलीतून नदी दिसते म्हणाला.

टपरीवाला माझ्याकडं बघत राहिला. त्याच्या टपरीचा पत्रा २०१९ ला वाहून गेला होता. तो काही बोलला नाही. मीही चहा सांगितला आणि आत गेलो.

हे सगळं फोनवरच बोलणार होतो. चार दिवसांत सहा फोन केले. शेवटी तुमच्या नव्या मॅनेजरनं उचलला आणि म्हणाला, ‘सर, एक मेल टाकून ठेवा ना.’ मला उभ्या आयुष्यात कुणी सर म्हटलेलं नाही. मेलऐवजी हे उघडच लिहितोय, कारण गाणं चारचौघांत झालं होतं आणि ज्यांचं ते आहे ती माणसं मेल वाचत नाहीत. बँडचं नाव घालत नाही, बिल्डरचंही नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल, बाकीच्यांत फुकटची जाहिरात कशाला?

बाहेरच्या वाचकांसाठी मी कोण ते सांगतो. सांगलीत मारुती रोडच्या मागं एका बोळात माझं साउंड-लाइटचं दुकान आहे. तीस वर्षं होऊन गेली. लग्न, बारसं, जयंती, उरूस, सभा, दहाव्याचं प्रवचन, सगळीकडं माझा कर्णा वाजलाय. ही पोरं २०१६ ला माझ्या गोडाऊनमध्ये सरावाला यायला लागली. दोन गिटार, एक ढोलकी, एक संबळ, आणि गाणी लिहिणारी नि गाणारी एक पोरगी. घरमालक हाकलायचे, कॉलेजच्या हॉलची किल्ली मिळायची नाही. मी भाडं घेतलं नाही. चहा तेवढा त्यांनी आणायचा असं ठरलं होतं, आणि तोही बहुतेक वेळा माझ्याच खात्यावर आला.

मग ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी कृष्णा ५७ फुटांच्या पुढं गेली. २००५ चा पूर बघितलेली माणसं ‘त्याच्यावर काय येतंय’ म्हणून जुन्या खुणेच्या वर सामान रचून बसली होती. मी त्यातलाच. जुन्या खुणेच्या हातभर वर फळी मारली आणि तिच्यावर मिक्सर आणि चार अँप्लिफायर ठेवले. पाणी फळीच्याही वर गेलं. आठवड्यानं शटर उचकटलं तेव्हा बेसच्या खोक्यांत गाळ भरला होता आणि स्पीकरच्या कागदाचा लगदा झाला होता. भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर एक तपकिरी रेघ. पाणसळ लावून मारल्यासारखी सरळ.

तुम्ही त्या दिवसांत शाळेतल्या छावणीत भाकऱ्या वाटत होता. रात्री लाइट नसायची, लोक अंधारात बोलत बसायचे. ब्रह्मनाळला पुरातनं माणसं नेणारी बोट उलटल्याची बातमी आली त्या रात्री मात्र कुणीच बोललं नाही. लिहिणाऱ्या पोरीच्या मांडीवर वही असायची. लोक जे बोलतील ते ती तसंच उतरवून घ्यायची. ‘भांडी फडताळात, फडताळ पाण्यात’ हे गावभागातल्या एका आजीचं वाक्य. ‘म्हशीचं दावं कापलं आणि तोंड फिरवलं’ हे सांगलीवाडीच्या एका माणसाचं. आणि ‘पाणी इथवर आलं हुतं’ हे तर सगळ्यांचंच. जो तो हात वर करून आपापल्या भिंतीवरची जागा दाखवत होता.

दिवाळीनंतर माझ्याच गोडाऊनमध्ये ते गाणं रेकॉर्ड झालं. भिंती अजून ओल्या होत्या. पुरात भिजून वाळलेल्या गाद्या आम्ही भिंतीला उभ्या केल्या, आवाज घुमू नये म्हणून. कोरसला बोळातल्या आठ जणी. दोघीतिघी धुण्याभांड्याला जाणाऱ्या, एक अंगणवाडीत मदतनीस, एक मिरचीच्या डंकावर कामाला, बाकीच्या घरच्याच. त्यांनी फक्त ‘इथवर, इथवर’ म्हणायचं होतं. दहा वेळा घेतलं, जमेना. अकराव्या वेळी कुणी न सांगता सगळ्यांनी ‘इथवर’ म्हणताना हात वर केला आणि बांगड्या वाजल्या. मी म्हटलं, परत घेऊ, बांगड्या आल्यात. गिटारवाल्या, तू म्हणालास, ‘राहू दे मामा, हेच गाणं हाय.’

त्या बांगड्या जाहिरातीत आहेत. गाणारी नवी आहे, शब्द नवे आहेत, पण मागं ‘इथवर, इथवर’ तेच जुनं उचललंय. तिसऱ्या ओळीनंतर हेडफोन लावून ऐकलं की स्वच्छ ऐकू येतं.

आता मुद्द्यावर येतो. बँड विकला गेला म्हणजे काय झालं?

पैसे घेतले, एवढ्यावरनं मी हा शब्द वापरणार नाही. आमच्या धंद्यात सुपारी घेणं ही शिवी नाही. मारेकऱ्यांनी तो शब्द नासवला, नाहीतर फडाची सुपारी असते, बँजोची असते. नारायणगावात पाडव्याच्या सुमाराला राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी जत्रेसाठी फड ठरवायला येतात. तिथं फडमालकाला कुणी ‘विकला गेलास’ म्हणत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव कुलकर्ण्याच्या घरातनं फडात गेले, ते काय फुकट गायला गेले नव्हते. आणि माझं म्हणाल तर एकाच चौकात सकाळी एका पक्षाच्या आणि संध्याकाळी दुसऱ्या पक्षाच्या सभेला तोच माइक दिलाय मी. मधल्या वेळात फडक्यानं पुसून.

तुम्ही कारखान्याच्या चेअरमनच्या वाढदिवसाला वाजवलं, तेव्हा साउंड माझाच होता. तुम्ही मुंबईला गेलात, हिंदी गायलात, ढोलकीखाली कॉम्प्युटरचे ठोके घातलेत (ते मला अजून आवडत नाहीत, पण ते माझं वय बोलत असेल). प्रत्येक वेळी इथली पोरं ‘विकले गेले, विकले गेले’ करत माझ्या दुकानात यायची, आणि मी त्यांच्याशी भांडायचो. म्हणायचो, गिटारला कर्ज काढलंय त्यांच्या आईबापांनी, तुम्ही कधी शंभराचं तिकीट काढलंय?

हे भांडायला मला तुम्हीच शिकवलंत. रात्री सराव संपला की गिटारवाला किस्से सांगत बसायचा. अमेरिकेतल्या ग्रीन डे बँडच्या पोरांनी मोठ्या कंपनीशी करार केला म्हणून बर्कलीच्या गिलमन स्ट्रीटच्या ज्या क्लबात ती वाढली तिथंच त्यांचं वाजवणं बंद झालं. पुन्हा तिथं वाजवायला त्यांना २०१५ उजाडलं, तेही एका मदतीच्या कार्यक्रमासाठी. मी तेव्हाच म्हटलं होतं, हे खूळ आहे. मग इंग्लंडचा द हू. १९६७ ला त्यांनी अल्बमचं नावच ‘द हू सेल आउट’ ठेवलं आणि कव्हरवर त्यांचा गायक डबाबंद बीन्सनं भरलेल्या टबात बसला. त्या फोटोवर आपण किती हसलो होतो. चंबावांबा या इंग्लंडच्याच बँडचं तर तुम्हाला लई कौतुक: २००२ ला जनरल मोटर्सनं जाहिरातीला गाणं मागितलं, यांनी दिलं, आणि आलेले पैसे असल्याच कंपन्यांच्या मागं लागलेल्या कार्यकर्त्यांना देऊन टाकले. संबळवाला म्हणाला होता, ‘असं विकलं जायला जमलं पाहिजे.’

आणि अमेरिकेतल्या द डोअर्स बँडची गोष्ट. ती कुणी सांगितली, कधी सांगितली, सगळं मला आठवतंय. जानेवारी २०२० होता आणि बाहेर कुत्री भुंकत होती. १९६८ मध्ये ब्यूइक गाडीच्या जाहिरातीला त्यांचं गाणं हवं होतं. त्यांचा गायक जिम मॉरिसन तेव्हा बाहेर होता, बाकीच्या तिघांनी हो म्हणून टाकलं. तो परत आला आणि असा काही भडकला की ती जाहिरात झालीच नाही. चौघं सारखे वाटेकरी, एकाला मान्य नसलं की गोष्ट तिथंच थांबायची. मॉरिसन १९७१ ला गेला. पुढं कितीतरी वर्षांनी कॅडिलॅकवाले दीड कोटी डॉलर घेऊन आले, तेव्हा ढोल बडवणाऱ्या जॉन डेन्समोरनं नाही म्हटलं. बाकीचे तयार होते. एकानं नाही म्हटलं, आणि झालं नाही.

ही गोष्ट संपल्यावर तुम्हीच माझं बिलबुक ओढलंत. एका कोऱ्या बिलाच्या पाठीवर लिहिलंत: ‘गाणं कुठंही द्यायचं तर पाचही जणांची सही. एकाचं नाही म्हणजे नाही.’ खाली पाच सह्या. सहावी माझी, साक्षीदार म्हणून. ते पान माझ्या गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात आहे.

तर माझ्या तक्रारी अशा.

पहिली त्या पानाची. लिहिणारी पोरगी २०२२ ला नोकरीसाठी पुण्याला गेली. परवा मी तिला फोन केला, तर जाहिरातीचं तिला माझ्याकडूनच कळलं. तुम्ही म्हणाल, तिनं बँड सोडला. बँड सोडला, गाणं कुठं सोडलं? शब्द तिनं वेचलेत. आमच्या दुकानाचं भाडेपत्र करणाऱ्या वकिलांना विचारलं. ते म्हणाले, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५७ आहे; हक्क लिहून दिले तरी लेखकाचं नाव आणि त्याच्या शब्दांची मोडतोड थांबवायचा अधिकार त्याच्याकडंच राहतो. कोर्टाची धमकी देतोय असं समजू नका. कायद्यालासुद्धा जे कळतं ते तुम्हाला कळायला हवं होतं, एवढंच.

दुसरी त्या आठ जणींची. त्यांना २०१९ ला मानधन दिलं नव्हतं, द्यायला कुणाकडंच नव्हतं. पोहे केले होते. तेव्हा त्या पुराच्या गाण्याला गायल्या. फ्लॅटच्या जाहिरातीला गाल का, असं त्यांना कुणी विचारलं? गाणाऱ्याचाही हक्क १९९४ च्या दुरुस्तीपासून कायद्यात आहे असं तेच वकील सांगतात. पण कायदा राहू द्या बाजूला. तुम्ही बोळात आला असता तर पाच मिनिटांचं काम होतं.

तिसरी तक्रार मोठी आहे, आणि रात्री झोप येत नाही ती हिच्यामुळं. ‘इथवर’ हे त्या गाण्यात माप आहे. सरकारच्या नकाशावर नदीला दोन रेघा असतात, निळी आणि लाल; पंचवीस वर्षांत एकदा येणारं पाणी निळीपर्यंत, शंभरातनं एकदा येणारं लालपर्यंत. तो नकाशा आमच्या बोळात कुणी बघितलेला नाही. आमची रेघ भिंतीवर होती, आणि भिंतींना रंग दिल्यावर ती गाण्यात राहिली. नवा भाडेकरू आला की लहान पोरंसुद्धा ते गाणं म्हणत हात वर करून दाखवायची, इथवर. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चढायला लागलं तेव्हा पोरांनी माझा कर्णा रिक्षाला बांधला आणि हेच गाणं लावून बोळाबोळांतनं फिरली. माणसं निघाली की नाहीत? पालिकेच्या भोंग्याला जी हलत नव्हती ती या गाण्याला उठली, गाठोडी घेऊन निघाली. त्या वर्षी माझाही मिक्सर वाचला.

त्याच चालीवर, त्याच शब्दावर, त्याच बायकांच्या आवाजावर आता माणसांना नदीकाठी बोलावलं जातंय. तो प्रकल्प पूररेषेच्या आत आहे असा आरोप मी करत नाही. होर्डिंगवर महारेराचा, म्हणजे घरबांधणीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, क्यूआर कोड आहे, १ ऑगस्ट २०२३ पासून तो सक्तीचाच आहे. घेणाऱ्यानं तो स्कॅन करून कागद बघावेत, नगररचनेत जाऊन पूररेषेचा नकाशाही बघावा. माझं भांडण बिल्डरशी नाहीच. तो घरं विकतो, त्याचा तो धंदा आहे. पण ‘पाणी कुठवर येतं?’ हे विचारायला शिकवणारं एकच गाणं आमच्याकडं होतं, आणि तेच तुम्ही त्या प्रश्नाच्या तोंडावर बोट ठेवायला दिलंत. विकला गेला हा शब्द मी इथं वापरतो. सदरा विकला, आवाज विकला, तारीख विकली, सगळं चालतं. हे गाणं तुमच्याकडं लोकांनी ठेवायला दिलेलं होतं.

आणि एक बारकी गोष्ट: गणपतीत इथं आलात तेव्हा तुम्ही जुनेच शब्द गायलात. करार तेव्हा झालेला होता. चोरून गायलात की चोरून विकलंत, मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, मामा, घरं चालवायचीत. ढोलकीवाल्याच्या वडलांचं डायलिसिस मला माहीत आहे. ऑनलाइन गाणी ऐकण्याचे किती पैसे हातात पडतात तेही तुम्हीच दाखवलंय मला, रिक्षाभाड्यालासुद्धा पुरत नाहीत. मग दुसरं द्यायचं की! तुमचं मिसळीचं गाणं आहे, ते कुठल्याही मसालेवाल्याला द्या. एसटीचं आहे, त्यावर टायरची जाहिरात आली तर मी स्वतः बोळात पेढे वाटीन. एवढी गाणी पडली असताना नेमकं हेच दिलंत, म्हणजे त्यांनी हेच मागितलं. त्यांना ‘इथवर’ची किंमत कळली होती.

मागण्या सांगतो. अवघड एकही नाही.

जाहिरातीचा करार असेल, मुदत असेल, दंडही असेल. मी तो मोडा म्हणत नाही. मुदत संपली की पुन्हा देऊ नका, आणि तोवर निदान बायकांचा कोरस काढून घ्या. तेवढा तुकडा नव्यानं रेकॉर्ड करायला एका दुपारचं काम आहे. स्टुडिओ नको असेल तर गोडाऊन आहे.

लिहिणाऱ्या पोरीला भेटा. फोन नको, भेटा. तिनं हो म्हटलं तर मी हे पत्र मागं घेईन. तिनं नाही म्हटलं तर त्या पानावर काय लिहिलंय ते तुम्हाला ठाऊक आहे. करारावर कुणाकुणाच्या सह्या आहेत ते उघड सांगा. आकडा नाही सांगितला तरी चालेल, तो विचारायला मला लाज वाटते.

आठ जणींना गाणाऱ्याच्या दरानं पैसे द्या. ‘मदत’ म्हणून नको, पाकिटात ‘सप्रेम’ घालून नको. बिल करून द्या, माझं बिलबुक आहेच. आणि गाणं जिथं जिथं ऑनलाइन आहे तिथं त्यांची नावं घाला. आज तिथं ‘कोरस’ एवढंच आहे.

आणि एकदा बोळात या. मॅनेजरला आणू नका. सतरंजी टाकतो, साउंड लावत नाही, बोलायला साउंड लागत नाही.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांना एक विनंती: या पोरांच्या घरच्यांना, नव्या गाणाऱ्या मुलीला शिव्या घालू नका. तिला ते पान कुणी दाखवलं नसणार. आणि ज्यांनी या पोरांचं एकही गाणं विकत घेतलेलं नाही त्यांनी तर तोंडच उघडू नये.

काल संध्याकाळी डंकावर काम करणारी मावशी दुकानात आली. हाताला तिखट, म्हणून कोपरानंच काउंटरवरचा मोबाइल माझ्याकडं सरकवला. तिच्या नातवानं तिला जाहिरात लावून दिली होती. म्हणाली, ‘बघा की जरा, ह्या बांगड्या माझ्याच न्हवं? मग मला कुणी इचारलं कसं न्हाई?’ मी म्हटलं, पोरांना विचारून सांगतो. तिला काय सांगू तेवढं कळवा. दुकान रात्री नऊपर्यंत उघडं असतं.

तुमचा
साउंडवाला मामा